चालती करण्याआधी थांबती करा: जुन्या ड्यून बग्गीची दुरुस्ती, नवशिक्यांसाठी

बग्गी म्हटले की आपल्याकडे अजूनही वरातीतली घोडागाडी डोळ्यांसमोर येते. त्यामुळे ठाण्यातल्या एखाद्या गृहसंकुलाच्या कोपऱ्यात ताडपत्रीखाली वर्षानुवर्षे पडून असलेला लोखंडी नळ्यांचा सांगाडा, त्याला चार चाके आणि पाठीमागे उघडे इंजिन, हे नेमके काय प्रकरण आहे ते शेजाऱ्यांना सहसा उमगत नाही. ही ड्यून बग्गी. १९६४ साली कॅलिफोर्नियात ब्रूस मेयर्स यांनी फोक्सवॅगन बीटलचे यांत्रिक भाग घेऊन त्यांवर फायबरग्लासची हलकी बॉडी चढवली आणि 'मेयर्स मँक्स' तयार केली. पुढच्या बहुतेक बग्ग्या त्याच विचाराने बनल्या. इंजिन मागे असल्यामुळे वजन ओढणाऱ्या चाकांवर येते, पुढची चाके हलकी राहून वाळूत रुतत नाहीत, आणि फोर-व्हील-ड्राइव्ह नसतानाही गाडी वाळू पार करते.

आपल्याकडे बीटल दुर्मीळ असल्यामुळे हौशी मंडळींनी बांधलेल्या बग्ग्यांमध्ये बहुधा मारुती ८०० चे तीन सिलिंडरांचे, ७९६ सीसीचे इंजिन आणि त्याचाच गिअरबॉक्स मागे बसवलेला आढळतो. हा लेख अशाच बग्गीला धरून लिहिला आहे. दुसरे इंजिन असले तरी कामाचा क्रम हाच ठेवावा, कारण या लेखात खरे महत्त्व क्रमाला आहे. नवशिक्या माणूस बग्गी घरी आणतो आणि पहिल्याच रविवारी इंजिन चालू करायच्या मागे लागतो. मीही तेच केले होते. तुर्भ्याच्या एका गाळ्यात इंजिन तिसऱ्या प्रयत्नात सुरू झाले, त्या आनंदात मी पहिला गिअर टाकला, आणि दहा फुटांवर ब्रेकचे पेडल फळीपर्यंत खाली गेले. समोर सुदैवाने पाण्याचे प्लास्टिकचे पिंप होते, माणूस नव्हता. इंजिन हा या गाडीतला सर्वांत ओळखीचा भाग आहे. ८०० चे इंजिन उघडणारा मिस्त्री वागळे इस्टेटपासून पनवेलपर्यंत कुठेही सापडेल. सांगाडा, स्टिअरिंग आणि ब्रेक मात्र कोणा एकाने आपल्या अकलेने जुळवलेले असतात आणि त्यांचे कोणतेही मॅन्युअल नसते. म्हणून वेळ आणि पैसा आधी तिथे घालावा.

विकत घेण्याआधी

पहिला प्रश्न कागदांचा आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ३९ नुसार नोंदणी नसलेले वाहन सार्वजनिक ठिकाणी चालवता येत नाही, आणि घरी बांधलेल्या अशा बग्गीची नोंदणी होत नाही असे धरूनच चालावे. विकणारा कधीकधी एखाद्या जुन्या ८०० चे आरसी बुक पुढे करतो आणि "पेपर क्लिअर आहेत" असे सांगतो. त्या पुस्तकावरची गाडी वेगळी होती; कलम ५२ प्रमाणे उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलाशी न जुळणारा बदल गाडीत करता येत नाही, त्यामुळे त्या पुस्तकाने ही बग्गी रस्त्यावर आणण्याचा हक्क मिळत नाही. त्या आरसीचा उपयोग दुसराच आहे. इंजिनावर कोरलेला नंबर त्यातील नंबराशी जुळतो का ते पाहावे, म्हणजे इंजिन चोरीच्या गाडीचे नाही एवढी बऱ्यापैकी खात्री होते. मूळ गाडी मोडीत काढून तिची नोंदणी रद्द केल्याचा कागद मिळाला तर उत्तमच. इंजिन नंबरासह लेखी विक्रीपत्र मात्र घेतल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

दुसरा प्रश्न, ती चालवणार कुठे? नावात 'ड्यून' असल्यामुळे अनेकांच्या मनात थेट अलिबाग किंवा उरणचा किनारा येतो. किनारा नियमन क्षेत्राच्या २०१९ च्या अधिसूचनेत वाळूच्या टेकड्या, कांदळवने, चिखलाची मैदाने आणि कासवांच्या विणीच्या जागा सर्वांत संवेदनशील वर्गात आहेत. ठाणे खाडीच्या काठची रिकामी दिसणारी जागाही रिकामी नसते. तिथल्या फ्लेमिंगो अभयारण्याला २०२२ साली रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला आहे. तेव्हा मुरबाड किंवा कर्जतकडे ओळखीच्या माणसाची खाजगी, कुंपण असलेली जमीन आणि त्याची परवानगी हाती असेल तरच पुढे जावे. ती नसेल तर ही खरेदी करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

तिसरी गोष्ट जागेची. सोसायटीच्या पार्किंगमध्ये ग्राइंडर चालवला की दुसऱ्या दिवशी सेक्रेटरीसाहेबांचे पत्र येते, आणि ते योग्यच असते. रबाळे, पावणे, तुर्भे किंवा वागळे इस्टेटमध्ये एखाद्या गाळ्याचा कोपरा काही महिन्यांसाठी मिळतो का ते पाहावे. शेजारी लेथवाला आणि वेल्डर असणे हा त्या जागेचा मोठा फायदा आहे. बग्गी तिथे नेताना छोटा हत्ती बोलावू नये, कारण त्याचा हौदा साधारण सात फुटांचा असतो आणि बग्गी त्यात मावत नाही. लांब हौद्याचा पिकअप किंवा टाटा ४०७ टेम्पो सांगावा.

बग्गीची कुंडली मांडा

पहिले दोन रविवार एकही नट न खोलता केवळ पाहण्यात घालवावेत. अशा गाडीतला जवळजवळ प्रत्येक भाग कुठल्या तरी कारखान्यात बनलेल्या गाडीतून आलेला असतो, आणि कोणता भाग कोणत्या गाडीचा हे एकदा कळले की अर्धे काम झाले म्हणून समजा. एक वही करावी. पुढची हब (जिच्यावर चाक बसते ती) कोणाची, मास्टर सिलिंडर (पेडल दाबल्यावर ब्रेकचे ऑइल ढकलणारा) कोणाचा, स्टिअरिंग बॉक्स ८०० चा की ओम्नीचा, शॉकअप मोटरसायकलचे की कारचे, याची नोंद फोटोसह ठेवावी. भागावर ओतीव अक्षरात कंपनीचे चिन्ह किंवा नंबर असतो. तारेच्या ब्रशने घासून तो वाचावा. जे ओळखू येत नाही ते काढल्यावर कुर्ल्याच्या जुन्या सुट्या भागांच्या दुकानात हातात घेऊन जावे. तिथली अनुभवी मंडळी भाग पाहून गाडी सांगतात, फक्त "दादा, हे कशाचं आहे?" एवढे विचारायची लाज वाटू देऊ नये.

वहीत ज्या भागापुढे 'लेथवर बनवलेला' असे लिहावे लागेल, त्याला लाल खूण करावी. तो तुटला तर बाजारात मिळणार नाही, आणि तो मुळात कोणत्या पोलादाचा आहे हेही कोणाला ठाऊक नसते.

सांगाडा

आपल्या खाडीकाठच्या दमट, खारट हवेत आणि चार महिन्यांच्या पावसात नळीचा गंज बाहेरून दिसतो त्याहून आतून जास्त असतो. उघड्या तोंडाच्या किंवा जुन्या भोकांच्या नळ्यांमध्ये पाणी शिरते आणि सर्वांत खालच्या आडव्या नळीत साचून राहते. तपासण्याची पद्धत साधी आहे. लहान हातोडीने नळीवर इंचाइंचाने ठोकत जावे. धड नळी खणखणीत वाजते, सडलेली बद्द वाजते. शंका आलेल्या ठिकाणी खालच्या बाजूने ३ मिलिमीटरचे भोक पाडावे. ड्रिल लोण्यात शिरावे तसे शिरले, किंवा भोकातून तपकिरी पाणी आले, तर तेवढा तुकडा बदलायचा आहे हे ठरले.

त्यानंतर वेल्डिंग पाहावे. रंग खरवडल्याशिवाय तडा दिसत नाही, म्हणून सस्पेन्शनच्या आर्मचे ब्रॅकेट, शॉकअपचे वरचे टोक, इंजिनाचे माउंटिंग आणि सीट-बेल्टचे हुक या चारही ठिकाणचा रंग पूर्ण काढावा. तडा वेल्डच्या मधोमध फार कमी वेळा असतो. तो वेल्डच्या कडेला, जिथे नळीचे लोखंड तापून ठिसूळ झालेले असते, तिथे केसासारखा दिसतो. त्यावर नुसता आणखी एक वेल्ड चढवणे ही फसवी दुरुस्ती होय. जुना वेल्ड ग्राइंडरने काढून, तड्याच्या टोकाला लहान भोक पाडून तो तिथेच थांबवून, मग नव्याने जोडावे आणि गरज असल्यास त्रिकोणी पट्टी द्यावी. वेल्डिंग स्वतः शिकण्याची हौस असेल तर ती टाकाऊ नळ्यांवर भागवावी. ज्या पिंजऱ्याखाली आपले डोके असणार आहे त्याचे काम को-टू (CO₂ वायूच्या) वेल्डिंग करणाऱ्या सरावलेल्या माणसाकडून करून घ्यावे. नवी नळी कळंबोलीच्या लोखंड बाजारातून आणताना जुन्या नळीचा तुकडा बरोबर न्यावा, म्हणजे बाहेरचा व्यास आणि पत्र्याची जाडी दोन्ही जुळतील. वेल्डिंगपूर्वी बॅटरी आणि पेट्रोलची टाकी गाडीतून पूर्ण बाहेर काढावी. रिकामी टाकीही बाहेरच ठेवावी, कारण पेट्रोलपेक्षा पेट्रोलची वाफ अधिक घातक असते.

जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही शिरू नये. चार स्टँड किंवा साग-बाभळीचे जाड ठोकळे द्यावेत, मग हाताने गाडी जोरात हलवून पाहावी, आणि त्यानंतरच खाली जावे.

मागची चाके वळतात का?

हा प्रश्न विचित्र वाटेल, पण या जातीच्या बग्गीत तोच सर्वांत महत्त्वाचा आहे. ८०० ची पुढची चाके ओढतात आणि तीच वळतात. बांधणाऱ्याने तो सगळा पुढचा संच, म्हणजे इंजिन, गिअरबॉक्स, एक्सल, स्ट्रट (शॉकअपचा खांब) आणि नकल (चाक धरून वळणारा भाग), उचलून जसाच्या तसा मागे बसवलेला असतो. म्हणजे मागच्या चाकांमध्येही वळण्याची सोय जन्मतः असते, आणि ती बंद ठेवण्यासाठी त्यांचे टाय रॉड (चाक वळवणारे दांडे) सांगाड्याला पक्के जखडलेले असतात. त्या रॉडचा बॉल जॉइंट झिजला, ब्रॅकेट वाकले किंवा नट सैल झाला की वेगात असताना मागचे चाक आपल्या मर्जीने वळते. पुढचे चाक हलले तर हातात स्टिअरिंग असते. मागचे हलले तर हातात काहीच नसते.

म्हणून मागे दोन्ही बाजूंचे बॉल जॉइंट आणि टाय रॉडची टोके नवीनच घालावीत. ८०० चे हे भाग स्वस्त आहेत, इथे काटकसर करण्यात अर्थ नाही. कॅसल नट (वर खाचा असलेला नट) असेल तिथे नवी स्प्लिट पिन घालावी. नंतर दोघांनी मिळून, चाकांच्या पुढच्या कडांमधले आणि मागच्या कडांमधले अंतर टेपने, एक्सलच्या उंचीवर मोजावे. मागच्या चाकांत पुढचे अंतर मागच्यापेक्षा किंचित कमी, फार तर दोन-तीन मिलिमीटर, असावे. उलट असेल तर बग्गी सरळ धावत नाही, घसरत घसरत जाते. मग कोणाला तरी मागे उभे करून बग्गीचा मागचा भाग खालीवर दाबावा आणि चाक वरखाली होताना आतबाहेर वळते का ते पाहावे. फार वळत असेल तर टाय रॉडच्या आतल्या टोकाची उंची चुकलेली आहे आणि ब्रॅकेट हलवून घ्यावे लागेल. हे काम किचकट आहे, त्यात एक पूर्ण रविवार जातो, आणि तो जाऊ द्यावा.

पुढच्या बाजूला स्टिअरिंग कॉलमचे सांधे तपासावेत. बांधणाऱ्यांनी कॉलम लांब करण्यासाठी मध्ये वेल्ड केलेला असतो. तिथे केवळ टोकाला टोक जोडलेले दिसले तर तो भाग टाकून द्यावा.

ब्रेक

ब्रेकच्या बाबतीत माझा नियम सरळ आहे: रबर आणि द्रव असलेले सर्व काही नवीन. मास्टर सिलिंडरचा किट, चाकांच्या सिलिंडरचे रबर, लवचिक होज, सगळे. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषून घेते. आपल्याकडच्या दोन पावसाळ्यांत उभ्या राहिलेल्या गाडीतले ऑइल काळसर झालेले असते, त्यातल्या पाण्याने सिलिंडरच्या आत गंजाचे खड्डे पडतात, आणि ते खड्डे नव्या रबरालाही फाडतात. बोट आत फिरवून खड्डा जाणवला तर सिलिंडरच बदलावा. डबीवर डॉट ३ किंवा डॉट ४ लिहिलेले, सीलबंद डबीतलेच ऑइल घालावे, आणि इंजिन ऑइलचा थेंबही त्यात जाऊ देऊ नये. त्याने रबर फुगते आणि ब्रेक जाम होतात.

ब्रेकच्या पाइपांत अडकलेली हवा काढताना मास्टर सिलिंडरपासून सर्वांत लांबच्या चाकापासून सुरुवात करावी. एकाने पेडल दाबून धरावे, दुसऱ्याने चाकाजवळची निप्पल (हवा सोडण्याचा छोटा स्क्रू) सैल करून पुन्हा घट्ट करावी, आणि मगच पेडल सोडावे. हा क्रम चुकला की हवा परत आत जाते आणि दोघांमध्ये भांडण सुरू होते. ड्रम उघडल्यावर आतली धूळ फुंकरीने किंवा कॉम्प्रेसरने उडवू नये. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकते, म्हणून ओल्या फडक्याने पुसावी.

एक गोष्ट अनेकांच्या ध्यानात येत नाही. ८०० चा हँडब्रेक मागच्या ड्रमवर चालतो, आणि या बग्गीत मागे पुढचा संच आलेला असल्यामुळे हँडब्रेक कुठेच शिल्लक राहिलेला नसतो. उतारावर चाकाखाली दगड शोधत फिरण्यापेक्षा दोन लाकडी पाचरी दोरीने बांधून गाडीतच ठेवाव्यात.

पाणी

रेडिएटर पुढे, इंजिन मागे, आणि मध्ये सात-आठ फुटांचे दोन पाइप अशी रचना असेल तर या पाइपांत हवा अडकते आणि नवे पाणी भरूनही इंजिन तापते. बग्गीचे नाक जॅकने एवढे उचलावे की रेडिएटरचे झाकण सर्वांत उंच येईल. झाकण उघडे ठेवून कूलंट भरत जावे, पाइप हाताने दाबत राहावे, आणि इंजिन सुरू करण्याच्या टप्प्यावर आल्यावर ते मंद चालवून बुडबुडे थांबेपर्यंत थांबावे. परतीचा पाइप गरम झाला म्हणजे थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे न सोडणारी झडप) उघडला. गरम इंजिनाचे बंद झाकण मात्र कधीही उघडू नये. गॅरेजमध्ये पुष्कळदा "थर्मोस्टॅट काढून टाकू, कटकट नको" असा सल्ला मिळतो. तो ऐकू नये. खराब असेल तर नवा घालावा, कारण त्याच्याविना इंजिन योग्य तापमानाला येत नाही आणि पेट्रोल जास्त पिते.

आता इंजिन

वर्षानुवर्षे बंद असलेल्या इंजिनाला थेट स्टार्टर देऊ नये. तिन्ही प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑइल सोडावे, रात्रभर ठेवावे, आणि सकाळी क्रँकच्या पुलीच्या बोल्टवर पाना लावून हाताने फिरवावे. दोन पूर्ण फेऱ्या अडथळ्याविना झाल्या तर इंजिन मोकळे आहे. अडकले तर जोर लावू नये. पुन्हा ऑइल सोडून दोन दिवस थांबावे. त्यानंतर ऑइल, फिल्टर आणि टायमिंग बेल्ट बदलावा. बेल्ट वरून चांगला दिसला तरी बदलावा, कारण त्याचे वय कोणाला माहीत नसते.

कॉम्प्रेशन गेज, म्हणजे सिलिंडरमधला दाब मोजणारे मीटर, कोणत्याही ओळखीच्या गॅरेजमधून तासाभरासाठी मिळतो. तिन्ही सिलिंडरचे आकडे एकमेकांच्या जवळ आहेत का हे आधी पाहावे. एखादा फार कमी असेल तर त्यात थोडे ऑइल सोडून पुन्हा मोजावे. आकडा वाढला तर दोष रिंगांचा, न वाढला तर बहुधा व्हॉल्व्हचा.

पेट्रोलची बाजू इथे अधिक नाजूक आहे. आज पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते, आणि जुन्या कार्बोरेटरच्या काळातले रबर त्यासाठी बनलेले नव्हते. पाइप फुगतात, मऊ होतात आणि तडकतात, आणि या गाडीत ते तापलेल्या सायलेन्सरपासून वीतभर अंतरावर असतात. सगळे पेट्रोल पाइप आणि कार्बोरेटरचा किट इथेनॉलला टिकणारा आहे असे विचारूनच घ्यावा. टाकीतले जुने पेट्रोल वापरू नये. त्याला वार्निशसारखा वास येत असेल तर टाकीही धुवावी लागेल.

वायरिंगची चिकित्सा करण्यात वेळ घालवू नये. जुने सगळे काढून टाकावे आणि स्टार्टर, इग्निशन, रेडिएटरचा पंखा, ब्रेकचा दिवा एवढ्याच गोष्टींसाठी नवे, फ्यूज बॉक्ससह करून घ्यावे. हात पोहोचेल अशा जागी बॅटरीचा मुख्य स्विच आणि सीटशेजारी एक किलोचे एबीसी पावडरचे अग्निशामक असावे.

पहिली फेरी

हेल्मेट घालून, चार-पॉइंट बेल्ट बांधून, सपाट जमिनीवर, चालण्याच्या वेगाने फक्त ब्रेक तपासावेत. मागची चाके पुढच्यांच्या आधी जाम होत असतील तर गाडी फिरेल. ते ठीक केल्याशिवाय दुसरा गिअर टाकू नये. मऊ वाळूसाठी टायरमधली हवा १५ पीएसआयच्या आसपास उतरवतात, पण मुरबाड-कर्जतच्या खडकाळ मातीत तसे केले तर रिम वाकेल. तिथे नेहमीची हवा बरी. वीस मिनिटांनी थांबून प्रत्येक नटाला पाना लावावा. घट्ट केलेल्या नटावर आणि शेजारच्या लोखंडावर मिळून पिवळ्या रंगाची एकच रेघ ओढून ठेवावी, म्हणजे पुढच्या वेळी रेघ तुटलेली दिसली की नट हलला हे लांबूनच कळते.

मे संपायच्या आत गाडी धुऊन, चिखल काढून, टाकी आणि कार्बोरेटर दोन्ही रिकामे करून ठेवावे, बॅटरी घरी न्यावी, आणि क्लचचे पेडल दाबून ते दाबलेलेच राहील असा, पेडल आणि सीट यांच्यामध्ये लाकडी दांडा अडकवावा. तसे केले नाही तर दमट हवेत क्लचप्लेट फ्लायव्हीलला गंजून चिकटते, आणि ऑक्टोबरमध्ये पहिल्याच दिवशी गिअरबॉक्स खाली उतरवावा लागतो.